आमचा जबडा आणि घुग्घुसचे पाहुणे

चामोर्शी, जि. गडचिरोली
(आपला जिल्हा वेगळा होऊन चौथे वर्ष चालू आहे, भाऊ. तुम्ही अजून पत्त्यावर जि. चंद्रपूर लिहिता, म्हणून तुमचे कार्ड आधी तिकडची हवा खाऊन येते.)
ता. ९ एप्रिल १९८६

आदरणीय रामाजी भाऊ यांस,

खदानीच्या टेकडीवरून तुमचा मेहुणा लहानू याचा मानाचा जय भीम. वहिनींच्या गुडघ्यांना आता उतार पडला असेल आणि तुमचा खोकला कोळशाच्या खाणीतच राहत असेल, तुमच्यामागे घरी येत नसेल, अशी आशा करतो. इकडे सगळे बरे आहेत. तुमची बहीण अंजनाबाई बरी आहे (माझ्याशी बोलत नाही, पण तब्येत बरी आहे). तुमची भाची सत्यशीला बरी आहे, बालवाडीतली पोरे तिचे ऐकतात. माझी आई बायनाबाई या वयात टेकडी चढून मशीन पाहून गेली, म्हणजे तीही बरीच आहे. मशीनचे पुढे सविस्तर लिहितो.

तुमचे कार्ड मिळाले. कार्डावर जागा कमी असते म्हणून तुम्ही राग बारीक अक्षरात लिहिला आहे, तरी तो वाचता आला. तुम्ही दोन गोष्टी विचारल्या. एक, तुम्ही इतकी खटपट करून जुळवत आणलेली सत्यशीलाची सोयरीक आम्ही एका दुपारात कशी मोडली. आणि दोन, ज्याच्याशी ती जुळत होती तो मुखरूजींचा मुलगा हंसराज काही दिवसांपासून घरी नाही, त्याची मला खबर आहे काय. पहिल्याचे उत्तर लांब आहे, म्हणून आधी तेच देतो.

पण भाऊ, मशीन कळल्याशिवाय सोयरीक कळणार नाही, आणि मशीन तुम्ही पाहिलेली नाही. मागल्या उन्हाळ्यात तुम्ही आले होते तेव्हा मी नुसता खदानीवर घन मारत होतो, आणि तुम्ही म्हणाले होते की घुग्घुसला चल, तिथे माणसाला मशीनजवळ उभे राहायला मिळते. आता ऐका. नवा जिल्हा झाला तसे रस्ते निघाले, आष्टीकडे, आलापल्लीकडे, आणि रस्ता म्हटला की गिट्टी आली. आमच्या भैयाजी ठेकेदारांनी (हिंदीत भांडतात आणि मराठीत समजूत काढतात) ही जुनी मशीन नागपूरकडून आणवली. कागदावर तिला क्रशर म्हणतात. आम्ही जबडा म्हणतो, कारण ती जबडाच आहे. दोन उभे पोलादी जबडे. एक जागचा हलत नाही, दुसरा त्याच्याकडे जातो आणि मागे येतो, जातो आणि मागे येतो. वरून फट रुंद, खाली अरुंद. वरून दगड सोडला की तो चावला जात जात खाली उतरतो आणि नारळाएवढा होऊन बाहेर पडतो. त्याच्या पुढे आणखी एक लहान मशीन आहे, मग चाळणी आहे. ती आपापले बारीक काम करतात, त्यांना मी नावे ठेवत नाही. पण डोंगरातून निघालेल्या दगडाला पहिला चावा आमचा. डोंगर आणि सरकारी रस्ता यांच्या मधे पहिली उभी आहे ती आमची मशीन, आणि तिच्या शेजारी ऑपरेटर म्हणून कोण उभे आहे, तर तुमचा मेहुणा.

येतानाच तिने आपली किंमत दाखवली. वाटेत एका नाक्यावर जंगलखात्याच्या शिपायाने ट्रेलर अडवला. मशीनला नव्हे, मशीनखालच्या ओंडक्यांना. ओंडके सागाचे होते आणि त्यांचा पास कोणाजवळ नव्हता. हत्तीएवढ्या मशीनला त्या माणसाने बोटसुद्धा लावले नाही. बॅटरी घेऊन तिच्या बुडाखाली शिरला आणि लाकडाला नखाने टोकरत बसला. त्याचेही बरोबर होते, त्याचे खाते लाकडाचे. शेवटी ओंडके नाक्यावर ठेवले, मशीनखाली मुरुमाची पोती सरकवली आणि तिला पुढे आणले. भैयाजी चिडले होते, पण मी म्हटले, जिला सोडवायला सागाचा जामीन द्यावा लागतो ती काही ऐरीगैरी मशीन नव्हे.

मग सुरू करायच्या दिवशी नारळाचा प्रश्न आला. भैयाजी म्हणाले, ऑपरेटरने फोडावा. मी म्हटले, आमच्यात नाही. त्यांनी जलालुद्दीनकडे पाहिले. (जलालुद्दीन आमचा मिस्त्री, बल्लारपूरचा. मशीनच्या पोटात त्याचा हात कोपरापर्यंत गेला नाही असा दिवस नसतो.) तो म्हणाला, आमच्यातही नाही. तेव्हा भैयाजी स्वतः वर चढले, चालत्या मशीनवर नारळ आपटायला गेले आणि घामेजलेल्या हातातून तो निसटून थेट जबड्यात पडला. त्या दिवशी खालून पहिला माल निघाला तो खोबऱ्याच्या चटणीचा. सगळे हसले. भैयाजीसुद्धा, पण थोडे उशिरा.

आईला मी मुद्दाम घेऊन गेलो. तुम्हाला माहीत आहे, तिने दुष्काळी कामावर किती वर्षे हातोडीने गिट्टी फोडली. पुढे अंजनाबाईने फोडली, मीही फोडली. आमच्या घरात दगड फोडण्याचे काही नवल नाही. आई दगडावर बसली आणि बराच वेळ जबड्याकडे पाहत राहिली. मला वाटले काही तरी मोठे बोलेल, मुलाला शाबासकी देईल. ती म्हणाली, "इले बोटं नाईत, हे बरं हाय." मग उठली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि उतरून गेली. भाऊ, तिचे डाव्या हाताचे बोट वाकडे आहे ते तुम्ही पाहिलेच आहे. त्या दिवशी मी मशीनला जे ग्रीस दिले तसे पुन्हा कधी दिले नसेल.

आता पाहुणे. तुम्हाला दिवसपाळी होती म्हणून तुम्ही येऊ शकले नाही, आणि माझे म्हणणे आहे की तुम्ही आले असते तर काहीच बिघडले नसते, तेव्हा थोडा दोष त्या पाळीचाही धरावा. मार्चमधल्या एका रविवारी मुखरूजी आणि हंसराज मुलगी पाहायला येणार होते. अंजनाबाईने पहाटेपासून घर सारवले, कोथिंबीर निवडून सांबारवड्या केल्या, पोह्यांची तयारी करून ठेवली. मला तिने बजावले होते की पाहुण्यांना सरळ घरी आणायचे आणि मशीनचे नावही काढायचे नाही. मी नाव काढले नाही. मी फक्त एसटीच्या कंडक्टरला सांगून ठेवले की घुग्घुसचे पाहुणे गावात नका उतरवू, अलीकडे खदानीच्या फाट्यावर उतरवा.

मुखरूजी तुमचे शेजारी, त्यांच्याविषयी मी तुम्हाला काय सांगावे. पण तुम्ही त्यांना रोज पाहता म्हणून कदाचित तुमच्या ध्यानात येत नसेल की सिमेंट कारखान्याच्या फाटकावर हवालदारी करून करून त्या माणसाची नजरच फाटकासारखी झाली आहे. भर उन्हात कोट घालून, काखेत छत्री धरून ते मशीनभोवती एक फेरी मारून आले, जणू ट्रकमधून कोणी काही लपवून नेत आहे. मी आपला मागे मागे. फेरी पूर्ण करून म्हणाले, "हा तं अडकित्ता व्हय जी."

भाऊ, मी हसून घेतले. पाहुणे होते.

"आमच्या इथी जे क्रशर हाय," ते म्हणाले, "त्याच्यात हा अख्खा जाते. चाकासकट."

हंसराज त्याच क्रशरवर कामाला आहे हे तुम्हीच कळवले होते, म्हणून मी त्याला प्रेमाने विचारले की बाबू, तुझ्याकडे काय काम असते. पोरगा उंच, सावळा, डोळे शांत. म्हणाला, "बटन दाबतो जी. काचेच्या खोलीत. हिरवा दिवा लागला का एक, लाल लागला का दुसरं."

"आन दगड?"

"दगड दिसत नाई. आवाज येते फक्त."

"पर्मनंट हाय," मुखरूजी मधेच म्हणाले, असे की त्यापुढे आता दगडाचे नाव काढू नये. पण मी पाहिले, हंसराज आमच्या जबड्याच्या तोंडात वाकून पाहत होता. तिथेच मला वाटले की हा मुलगा चांगला आहे, आणि तिथेच हेही वाटले की याच्या बापाला आता आमचा अडकित्ता काय फोडतो ते दाखवलेच पाहिजे.

जलालुद्दीन आंघोळीला बसला होता, त्याला तसाच बोलावून घेतला. टेकडीवर राहणारे गडी गोळा केले. आणि खदानीत एक काळा दगड कित्येक दिवसांपासून पडून होता, गाभण म्हशीच्या पोटासारखा, ज्याला आम्ही सगळे वळसा घालून जात असू. मी म्हटले, तोच आणा. जलालुद्दीनने ओले केस झटकून दगडाकडे पाहिले, जबड्याकडे पाहिले. "लहानूभाऊ, ये नहीं जाएगा. मी सांगून राह्यलो." मी म्हटले, जाईल. त्याने मुखरूजींकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने इंजिनचे हँडल मारायला गेला. समजूतदार माणूस आहे.

दगड गेला नाही. म्हणजे अर्धा गेला. तोंडात बसला आणि तिथेच नाचू लागला, दात नसलेल्या माणसाने सुपारी घोळवावी तसा. पट्टा घसरू लागला, जळल्याचा वास सुटला. जलालुद्दीनने पट्टा उतरवला आणि जबडा थांबवला. इंजिन मात्र तसेच धडधडत ठेवले (एकदा बंद झाले की ते पुन्हा सुरू करणे म्हणजे रुसलेल्या जावयाला जेवायला उठवणे). आता दगड तिथेच, वर जागा अशी की एका वेळी एकच माणूस उभा राहून घन मारू शकेल. गड्यांनी मारून पाहिले. मी मारला. तेवढ्यात हंसराजने आपला नवा टेरिलिनचा सदरा काढला, नीट घडी करून बापाच्या छत्रीवर ठेवला आणि न विचारता वर चढला. मुखरूजी म्हणाले, अरे तू पाव्हणा हायेस. तो इंजिनच्या आवाजात ऐकू आले नाही असे दाखवून घन मारायला लागला. मुखरूजी त्याला उतरवायला म्हणून फळीवरून वर चढले, आणि वर गेल्यावर उतरवायचे विसरून कुठे मारावे ते सांगू लागले.

इकडे घरी पोहे थंड झाले. अंजनाबाईला मी कुठे असेन हे कधी कोणी सांगावे लागत नाही. ती चहाची किटली आणि वड्यांची पिशवी घेऊन निघाली, आणि सत्यशीला, नवे लुगडे नेसलेली, तिच्या मागे कपबशा घेऊन. टेकडीवर आल्यावर तुमच्या बहिणीने माझ्याकडे जसे पाहिले तसे जबड्यात पाहिले असते तर दगड आपसूक फुटला असता. पण पाहुण्यांसमोर तिने किटलीतला चहा ओतायला घेतला. मुखरूजींना मात्र वाटले की मुलगी समोर आली आहे तर रीत पुरी करावी. ते वर फळीवर, सत्यशीला खाली, मधे इंजिन.

"नाव काय बाई तुझं?" ते ओरडले. तिने सांगितले. त्यांना काही ऐकू गेले नाही, पण मान डोलावली. "शिक्षण?" तिने मॅट्रिक सांगितले. "हो का, हो का." मग म्हणाले, "शिलाई-विणकाम?" ती ओरडली, "काका, खाली उतरा, फळी हलून राह्यली!" मुखरूजी खूश होऊन म्हणाले, "वा! हेच पायजे!" (शेवटचे मला अंजनाबाईने त्या रात्री ऐकवले. त्यानंतर ती बोलायची थांबली.)

हंसराज चहाला खाली उतरला तेव्हा भुवयांपासून बनियनपर्यंत पांढराफटक झाला होता. सत्यशीलाने कप दिला आणि तिला हसू आले; तोही हसला, तेव्हा त्याचे दात तेवढे ओळखू आले. दोघे बाजूला काही बोलत होते म्हणतात. मी तिकडे लक्ष दिले नाही, मी दगडाला कुठे चीर गेली काय ते पाहत होतो.

आणि भाऊ, पुढचे मी कोणाच्याही तोंडावर सांगेन. पोरगा थकला हे पाहून मुखरूजींनी स्वतः कोट उतरवला. टोपी उतरवली. घन उचलला. मला वाटले हवालदार माणूस, एक-दोन घाव मारेल आणि कंबर धरेल. पण त्यांच्या खांद्याला ते काम जुने माहीत होते. (फाटकावर लागायच्या आधी त्यांनीही खदानीत दिवस काढले होते, हे तुम्ही मला का सांगितले नाही?) घाव, घाव, घाव, एकाच जागी, आणि शेवटचा असा बसला की काळा दगड उभा दुभंगला. गडी ओरडले. जलालुद्दीनने टाळ्या वाजवल्या. मी खाली उभ्याउभ्या आनंदाने नाचलो, आणि मुखरूजी वरून माझ्याकडे पाहून हसले. भाऊ, त्या क्षणाला सोयरीक झाली होती. नुसते हार घालायचे उरले होते.

मी लगेच पट्टा चढवायला सांगितले. जलालुद्दीनने विचारले, "ऊपर सब साफ आहे ना?" मी म्हटले, साफ. जबडा चालू झाला, दगडाचे दोन भाग खाली सरकले. मुखरूजी वरून हात उंच करून मला काही ओरडत होते. मला वाटले ते मशीनला शाबासकी देत आहेत. मीही हात उंच करून शाबासकी स्वीकारली. त्यांच्या हातात नुसता दांडा आहे, आणि घनाचे लोखंड दांड्यातून सुटून दगडाबरोबर जबड्यात गेले आहे, हे माझ्या ध्यानात आले तेव्हा "खाड" असा आवाज झाला होता. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. जबडा लुळा पडला.

धावाधाव झाली. जलालुद्दीन मागे गेला, वाकला आणि हातात लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घेऊन आला. हिला टॉगल प्लेट म्हणतात. बिडाची ओतलेली असते आणि हलत्या जबड्याला मागून टेका देते. दगड आला तर ती सोसते. लोखंड आले तर ती स्वतः तुटते, म्हणजे बाकी मशीन तुटत नाही. ती तेवढ्यासाठीच बसवलेली असते. मला, खरे सांगतो, तिचे तुकडे पाहून अभिमानच वाटला.

मुखरूजी खाली उतरले होते. आनंद गेला होता, कोट परत अंगावर आला होता. म्हणाले, "मोडली तुमची मशीन."

मी म्हटले, "मोडली नाई जी. वाचली."

ते म्हणाले, "मी ओरडून राह्यलो होतो तं तुम्ही हात हालवून राह्यले. पाव्हण्याले घन माराले लावता, आन वरून..."

इथे मी गप्प बसायला पाहिजे होते असे अंजनाबाईचे मत आहे. पण मी म्हटले, "अडकित्ता म्हणाले होते ना जी? अडकित्त्यात घन टाकत नसतात."

मुखरूजींनी छत्री उघडली. "मंग आपली सोयरीक बी मोडली नाई, वाचली समजा," ते म्हणाले आणि फाट्याकडे चालू लागले. हंसराज सदरा घालत मागे निघाला. अंजनाबाईने किती विनवले, घरी चला, दोन घास खा. ते थांबले नाहीत. सत्यशीलाने वड्यांची पिशवी तरी सोबत दिली. बस आली, ते बसले, गेले.

तर अशी ती सोयरीक मोडली. तुम्हाला वाईट वाटले असेल, मलाही वाटले. मुलीचा बाप आहे मी. त्या रात्री आमच्या घरात कोणी जेवले नाही, आणि सत्यशीला माझ्याशी नेहमीसारखीच बोलली, हे मला अंजनाबाईच्या न बोलण्यापेक्षा जास्त लागले. पण एक गोष्ट तुम्ही घुग्घुसच्या चार लोकांत सांगू शकता: आमच्या जबड्याने तो काळा दगड खाल्ला. लोखंड आडवे आले नसते तर त्याच दुपारी तो आष्टीच्या रस्त्यावर पडला असता.

वहिनींना जय भीम, लेकरांना आशीर्वाद. खोकल्याची काळजी घ्यावी.

तुमचा,
लहानू
(ऑपरेटर)

ता. क. मशीन बंद आहे असे समजून कोणाजवळ बोलू नये. ती चालू झाली आहे, आणि पहिल्यापेक्षा चांगली चालते. नागपूरहून प्लेट यायला फार वेळ लागणार होता, भैयाजी हिंदीतून मराठीत यायलाच तयार नव्हते. मग एके दिवशी दुपारी फाट्यावर एसटी थांबली आणि खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी घेऊन एक माणूस टेकडी चढून आला. गोणपाट उघडले तर नवीकोरी टॉगल प्लेट. चंद्रपूरला कोणाकडून ओतवून घेतली म्हणाला. लावून पाहिली तर अशी बसली की जलालुद्दीनने दोनदा हात फिरवून पाहिला. त्या दिवशी एवढ्या गडबडीत त्या माणसाने नुसत्या डोळ्याने माप घेतले होते! असा डोळा जन्मतः असावा लागतो.

ता. क. दुसरा. तो माणूस हंसराज. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच. तो इकडे खुशाल आहे, जलालुद्दीनच्या खोपटीत झोपतो आणि दिवसभर माझ्या शेजारी जबड्याजवळ उभा राहतो. कारखान्यात त्याने कावीळ झाल्याची चिठ्ठी पाठवली आहे (रंगाने तो सध्या पांढरा आहे, पण ते चालून जाईल). भाऊ, मी त्याला बोलावले नाही. मशीनने बोलावले. ज्याने इतकी वर्षे काचेमागून नुसता आवाज ऐकला त्याला एकदा दगड फुटताना दिसला की तो परत बटनाकडे कसा जाईल? मी त्याला ऑपरेटर करणार आहे. सत्यशीलाचेही मग इथेच जमेल, अंजनाबाई बोलू लागेल. आता फक्त एक काम राहिले आणि ते तुम्ही करायचे आहे. मुखरूजींना तुम्ही सांगा. मी सांगू शकत नाही, माझ्याकडे पाहिले की त्यांना घन आठवतो. आधी चहा पाजा, मग त्यांच्या घाव मारण्याची तारीफ करा (ती खरी आहे, माझ्या नावाने करा), मग हळूच सांगा की मुलगा पर्मनंट सोडून टेकडीवर राहणार आहे. आणि त्यांना घेऊन चौदा तारखेला जयंतीला इकडे या. मिरवणुकीच्या गर्दीत माणूस जास्त चिडू शकत नाही.

ता. क. तिसरा, दुसऱ्या अक्षरात.

मामा, सत्यशीलाचा जय भीम. बाबांनी हे पाकीट टपालात टाकायला माझ्याकडे दिले. चिकटवायचे राहिले होते म्हणून वाचले. शुद्धलेखन सुधारले आहे, मजकूर तसाच ठेवला आहे.

डोळ्याने माप वगैरे काही नाही. प्लेटचे दोन्ही तुकडे मी त्या दिवशी पिशवीत वड्यांखाली ठेवले होते. त्याआधी चहा घेताना त्यांनी मला विचारले होते की मोठ्यांचे काही बिनसले तर मी परत येऊ काय. मी म्हटले, या, पण बाबा मशीनशिवाय कोणाचे ऐकत नाहीत. मग बिनसलेच, तेव्हा तुकडे पिशवीत टाकले आणि त्यांना नजरेने दाखवले. फाट्यापर्यंत ती पिशवी मुखरूकाकांनी स्वतः उचलून नेली. एवढ्या वड्या दिल्या हे पाहून आईविषयी त्यांचे मत फार चांगले झाले आहे असे कळते.

हंसराज मशीनसाठी आलेले नाहीत. बाबांना तसे वाटते आहे, वाटू द्या. मशीन त्यांना आवडते हेही खरे आहे, पण पर्मनंट नोकरी मी सोडू देणार नाही. घुग्घुसला बालवाड्या आहेत, मी विचारून घेतले आहे. काविळीची सुट्टी संपत आली. बाबांना हे उद्या सांगीन, गाडी गेल्यावर. आईला माहीत आहे. ती काल बाबांशी थोडे बोलली सुद्धा, मीठ मागितले.

म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. ज्यांनी ते तुमच्या हाती दिले ते हंसराजच, आणि तुम्ही हे वाचत असाल तेव्हा ते समोर खाली मान घालून बसलेले असतील. त्यांना आधी पाणी द्या. मग सोबत घेऊन मुखरूकाकांकडे जा. बाबांनी सांगितलेले चहा, तारीफ, हळूच, यातले काहीच करायला नको. एवढेच सांगा की मुलीने मुलगा पाहिला आणि तिला पसंत आहे.

तुमची भाची,
सत्यशीला